बुडबुड्यांचं सोवळं

ब्रिटनमध्ये घरी बिअर बनवणाऱ्या अनेकांचं एक सोवळं आहे. बाटलीत यीस्टने साखर खाऊन तयार केलेला वायू म्हणे 'खरा', आणि केगमध्ये सिलिंडरमधून सोडलेला कार्बन डायऑक्साइड कृत्रिम! १९७१ साली सुरू झालेल्या 'काम्रा' या ग्राहक चळवळीने या समजाला बळ दिलं. तिचं मूळ भांडण रास्तच होतं. मोठे कारखाने बिअर गाळून, पाश्चराइज करून, वर गॅस भरून विकत होते. पण जिवंत यीस्ट गेलं ते गाळण्यामुळे आणि तापवण्यामुळे. शिव्या मात्र गॅसला बसल्या.

अहो, रेणूला कूळ-गोत्र नसतं. दाब वाढला की वायू जास्त विरघळतो, हा हेन्रीचा १८०३ सालचा नियम दोन्हीकडे सारखाच लागू होतो. १९ लिटरचा केग ४ अंश सेल्सिअसवर ठेवा, १२ पीएसआय दाब द्या आणि आठवडा-दोन आठवडे वाट बघा. बहुतेक बिअरना एवढं पुरतं. गॅस जास्त झाला तर झडप उघडून सोडून देता येतो. बाटलीत साखर जास्त पडली तर बाटली फुटते आणि काचा उडतात.

बाटलीतलं यीस्ट थोडा ऑक्सिजनही खातं, हा फायदा मान्य. तो जरूर सांगा. पण 'नैसर्गिक' हा शब्द पुढे करून नवख्यांना कमी लेखू नका. 'नैसर्गिक' म्हटलं की आपण तपासणंच थांबवतो, खरा धोका तिथे आहे. बिअर चाखा आणि मग बोला. जन्मदाखला वाचून चव कळत नाही.