तालीम आणि स्वभाव

गेल्या माघात नात्यातील एका लग्नानिमित्त हुबळीस जाणे झाले. लग्नघरातून एक दिवस मागून घेऊन मी कुंदगोळची गाडी धरली. संगीताच्या शिक्षकाने हुबळीपर्यंत जावे आणि कुंदगोळ न पाहता परतावे, हे पंढरपुरास जाऊन वाळवंटातूनच मागे फिरण्यासारखे आहे. परंतु माझे जाणे केवळ भाविकाचे नव्हते. मनात एक सल होता, आणि तो तेथे थोडा हलका होईल अशी अंधुक आशा होती.

दिवाळीपूर्वी माझ्या वर्गातील एक मुलगी गाणे सोडून गेली. वय चौदा, गळा गोड, कान तयार. यमनातला तीव्र मध्यम तिच्याकडून सारखा उतरत असे. एके दिवशी वीस मुलांदेखत मी तिला म्हणालो, "कान घरी ठेवून आलीस काय?" ती काही बोलली नाही. पुढच्या आठवड्यात तिची आई आली. "सर, ती आता घरीसुद्धा गात नाही हो. पूर्वी भांडी घासतानासुद्धा गायची," एवढेच सांगून ती गेली.

त्या रात्री ध्यानात आले की ते वाक्य माझे नव्हतेच. ते वडिलांचे होते. वडील ऐन तारुण्यात आपल्या बडोद्याच्या दरबारी कलावंतांत लागले आणि दोन-तीन वर्षांतच, १९४९ साली, संस्थान विलीन झाले. पुढचे सारे आयुष्य त्यांनी शिकवण्या करून काढले. मी त्यांचे उतारवयातले अपत्य. दरबारात सूर चुकला तर वरिष्ठांची नजर फिरे आणि पोटाची चिंता उभी राही, हे त्यांनी कोवळ्या वयात पाहिले होते. त्यांच्या लेखी सूर चुकणे म्हणजे भाकर चुकणे. त्यांच्या रागामागे ती भीती होती. मला ती भीती कधीच नव्हती; मी महिन्याच्या पगाराचा माणूस. तरीही त्यांचे शब्द मी तसेच्या तसे उचलले आणि त्यांना 'परंपरा' असे भारदस्त नाव दिले.

आता कुंदगोळकडे वळू. हे गाव पूर्वी जमखंडीकर पटवर्धनांच्या संस्थानात होते. येथले रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजेच सवाई गंधर्व, १८८६ साली जन्मले. निसर्गाने त्यांना सहज वळणारा गळा दिला नव्हता, असे जुने जाणकार लिहून गेले आहेत. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कठोर तालमीत त्यांनी तो घासून वळवला. ज्याने प्रत्येक स्वर असा कष्टाने मिळवला, तो स्वरांची उधळपट्टी कशी शिकवील? गंगूबाई हनगल यांनी आधी कृष्णाचार्य हुलगुर यांच्याकडे वर्षभरात साठेक चिजा घेतल्या होत्या. पुढे त्या हुबळीहून रेल्वेने कुंदगोळास जाऊ लागल्या, तेव्हा सवाई गंधर्वांनी मोजकेच राग हाती दिले आणि तेच दीर्घकाळ घोटून घेतले. कंजूष माणूस जसा पैसा जपून खर्च करतो तसा स्वर खर्चावा ही त्यांची शिकवण होती, असे गंगूबाई आवर्जून सांगत. ही शिकवण पोथीतून आलेली नव्हे. गुरूच्या स्वत:च्या गळ्याचा सारा इतिहास तिच्यात आहे.

येथपर्यंत कोणीही म्हणेल की गुरूचा स्वभाव शिकवण्यात उतरतो, त्यात नवल ते काय? नवल पुढेच आहे. गंगूबाई, भीमसेन जोशी आणि फिरोज दस्तूर हे तिघे एकाच गुरूचे शिष्य. गंगूबाईंचा आवाज भारदार आणि ठाम, भीमसेनांचा आकाश व्यापणारा, तर दस्तुरांचे गाणे अब्दुल करीम खाँसाहेबांच्या हळुवार ढंगाशी इमान राखणारे. तिघांना शेजारी ठेवून ऐकले तर घराणे एकच आहे हे कळते आणि माणसे तीन आहेत हेही कळते. गुरूने आपला स्वभाव शिकवण्याच्या रीतीत ओतला, शिष्यांच्या गळ्यात नाही. आपली काटकसर त्याने तिघांना दिली. ती कशावर खर्चावी हे मात्र ज्याचे त्याच्यावर सोडले.

असाच दाखला धारवाडचा. मल्लिकार्जुन मन्सूर यांना प्रथम मिरजेच्या नीलकंठबुवांची तालीम मिळाली, मग मंजीखाँसाहेबांची, आणि १९३७ साली मंजीखाँ गेल्यावर त्यांचे बंधू भुर्जीखाँ यांची. मंजीखाँ मैफलीचे बादशहा. भुर्जीखाँ मैफलीत फारसे गाजले नाहीत. त्यांची कीर्ती शिक्षक म्हणून. एकाच पित्याची, अल्लादिया खाँसाहेबांची, विद्या दोन भावांच्या हातून दोन तऱ्हांनी मिळाली, हे मन्सुरांचे भाग्य. स्वत: अल्लादिया खाँसाहेबांचा आवाज तरुणपणी बसला, तेव्हा उरलेल्या आवाजाला साजेल अशी गायकी त्यांनी नव्याने घडवली. शिक्षकाची उणीवसुद्धा विद्येचे रूप घेऊ शकते, पण तिच्याकडे त्याने डोळे उघडून पाहिले असेल तरच.

आपल्या वाचकांस जवळचे वाटेल असे आणखी एक नाव भास्करबुवा बखले यांचे. त्यांनी येथे बडोद्यात फैज महंमद खाँसाहेबांची तालीम घेतली, पुढे नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांचीही घेतली. एवढा थोर गवई धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात कित्येक वर्षे संगीतशिक्षक होता, हे आज किती जणांना ठाऊक आहे? तेथे त्यांच्यापुढे बसत ते भावी मास्तर, होतकरू गवई नव्हेत. तीन घराण्यांचे पाणी प्यालेल्या माणसाला एक गोष्ट आपोआप कळत असणार: आपल्या गुरूची रीत ही अनेक रीतींपैकी एक आहे. बालगंधर्व आणि मास्टर कृष्णराव असे दोन निराळ्या प्रकृतीचे शिष्य एकाच बुवांच्या हाताखाली फुलले, ते उगाच नव्हे.

यावर ज्येष्ठ मंडळी म्हणतील, "अहो, भीमसेनांनी गुरुगृही पाणी भरले म्हणून तर ते भीमसेन झाले. आजची मुले एका शब्दाने कोमेजतात." यात तथ्य नाही असे नाही. कष्टावाचून गाणे नाही, आणि चुकलेला स्वर बरोबर म्हणून चालवून घेणारा शिक्षक मुलाचा शत्रूच. पण पाणी भरणे निराळे आणि पाणउतारा निराळा. आणखीही एक भेद आहे. भीमसेन अकराव्या वर्षी घर सोडून गुरूच्या शोधात हिंडले होते. गुरू त्यांनी निवडला होता. माझ्या वर्गातली मुले मला निवडून येत नाहीत. वेळापत्रकात माझे नाव असते म्हणून येतात. चाळीस मिनिटे, वीस गळे, एक पेटी. ज्याला निवडलेले नाही त्याचा स्वभाव सोसण्याची सक्ती मुलांवर कोणत्या न्यायाने करावी?

शिक्षकाने स्वभाव घरी ठेवून यावे असे मी म्हणत नाही. ते अशक्य आहे, आणि तसा निर्जीव शिक्षक कोणास नको. सूर दाखवणारी यंत्रे आता खिशात मावतात. तीव्र मध्यम किती उतरला हे ती माझ्यापेक्षा अचूक सांगतील. तो का उतरतो हे मात्र मुलीच्या तोंडाकडे पाहणाऱ्या माणसालाच कळेल. म्हणून माझे म्हणणे इतकेच, की आपल्या शिकवण्यात विद्येचे काय आणि आपल्या दुखण्याचे काय, याचा हिशेब शिक्षकाने वर्षातून एकदा तरी मांडावा. संगीतशाळांच्या चालकांनीही एक करावे: प्रत्येक मुलाला वर्षातील काही दिवस दुसऱ्या शिक्षकापुढे बसवावे. यात शिक्षकाचा अपमान नाही. मन्सुरांनी तीन गुरू केले, भास्करबुवांनीही तीन केले; त्यात कोणाचे काही उणे झाले नाही.

कुंदगोळहून परतताना गाडीत गर्दी होती. खिडकीशी उभा राहून मी विचार करीत होतो की याच मार्गावरून एक तरुण स्त्री दोन-चार स्वर घटवण्यासाठी पुन:पुन्हा गेली. अपमान वाट्याला येणार असता तर ती तरीही गेली असती काय? कदाचित गेलीही असती. पण तेवढ्याने अपमान करणाऱ्याचे करणे योग्य ठरले नसते.

बडोद्यास आल्यावर मी त्या मुलीच्या घरी गेलो. चूक माझी झाली, असे तिच्या आईदेखत तिला सांगितले. मास्तराने असे सांगावे की नाही, याबद्दल मतभेद असतील. माझ्या वडिलांनी तर ते मुळीच केले नसते. ती मान खाली घालून बसली होती. फाल्गुनात एके दिवशी ती वर्गात आली, दाराजवळ बसली, गायली नाही. मीही गा म्हटले नाही. तंबोरा मात्र त्या दिवशी नेहमीपेक्षा थोडा अधिक वेळ लावून घेतला, म्हणजे तिला ऐकता यावा.