नखेत्र घरीच बांधा, दोन घरांनी मिळून बांधा

मंडळी, डिसेंबर लागला की मडगावच्या बाजारात घडीचे तारे लटकायला लागतात. चकचकीत कागदाचे, प्लॅस्टिकचे, आत रंग बदलणारे दिवे असलेले. आणायचे, उलगडायचे, टांगायचे, झालं काम! ज्याला वेळच नाही त्याने आणले तर माझं काही म्हणणं नाही. पण ज्या घरात हात आहेत आणि पुढे अंगण आहे, त्या घराने तरी नखेत्र घरीच बांधावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाहेरच्या मंडळींसाठी सांगतो, गोव्यात नाताळच्या ताऱ्याला नखेत्र म्हणतात. आमचं घर हिंदू, घरातलं वाचन-लेखन मराठी, आणि शेजार ख्रिस्ती. दिवाळीचा आकाशकंदील ज्या हातांनी व्हायचा, तेच हात पुढे नखेत्राला लागायचे. बांबू तोच, सुतळी तीच, पिठाची खळसुद्धा तीच.

काम अवघड नाही, पण माप चुकवून चालत नाही. तीन फुटांच्या दहा सारख्या कामट्या घ्या. प्रत्येकीवर दोन्ही टोकांपासून पावणेचौदा इंचांवर खूण करा, मधे साडेआठ इंच उरतात. पाच कामट्या एक वरून, एक खालून अशा ओवून, खुणेवर खूण ठेवून बांधल्या की एक तारा झाला. असे दोन करा. ते एकावर एक ठेवून फक्त पाच टोकं बांधा. मग मधल्या पाच सांध्यांत दोन्ही ताऱ्यांच्या मधे सहा-सहा इंचांच्या काड्या उभ्या करा. नखेत्राला पोट येतं ते इथे! वरून पतंगाचा कागद, मागे बल्बसाठी एक जागा उघडी. पूर्वीचा तारेचा बल्ब तापायचा, कागदाला टेकला तर कागद करपायचा. आताचा छोटा एलईडी बल्ब तितका तापत नाही. तरी वायरचे सांधे टेप लावून नीट बंद करा, रात्री दंव पडतं.

आता मुद्द्याचं. त्या पाच काड्या एकट्याला उभ्या करता येत नाहीत. एकाने दोन्ही तारे ताणून धरायचे, दुसऱ्याने काडी बसवायची, तिसऱ्याने सुतळी आवळायची. म्हणून तर दोन्ही घरांतली पोरं एका अंगणात जमायची. बाजारच्या ताऱ्याला दुसरा माणूसच लागत नाही, आणि माझी खरी तक्रार तीच आहे.

हल्ली कोणी कोणी विचारतात, "त्यांचा सण, आपण का राबायचं?" अहो, नाताळात शेजारून दोदोल आणि नेवऱ्यांचं ताट येतं तेव्हा हा प्रश्न कोणाला पडत नाही. चवथीला माटोळीसाठी त्यांच्या परसातली फळं आणतो तेव्हाही पडत नाही. मग सुतळी आवळतानाच का पडावा?

आणि दुसरं असं की वाड्यावरची किती घरं आता बंद असतात. शेजारच्या आंटीची मुलं इंग्लंडात. गेल्या नाताळात तिने गोठ्यासाठी नाचणी पेरली होती, हिरवेगार कोंब आले होते, पण बलकावावर नखेत्र नव्हतं. शिडीवर चढणार कोण? मी विचारलं तर म्हणाली, "नखेत्र ना जाल्यार कसलें नाताळ रे बाबा?" त्याच संध्याकाळी आमच्या पोरांना कामाला लावलं. कामटी कशी सोलायची हे त्यांना ठाऊक नव्हतं, कारण आमचा आकाशकंदीलही अलीकडे बाजारातूनच येतो. एका सणाचं हातकाम सुटलं की दुसऱ्याचंही सुटतं, ते असं.

तेव्हा १९ डिसेंबरला गोवा मुक्तिदिनाची सुट्टी आहेच. पोरांच्या हातातला मोबाइल काढून घ्या आणि कामट्या द्या. शेजारी एखादं म्हातारं माणूस एकटं असेल तर आधी त्याच्या अंगणातलं बांधा, मग आपलं. थोडं वाकडं झालं तरी चालेल, रात्री दिवा लागला की वाकडेपणा दिसत नाही.

वसई, बेळगाव, नगरकडच्या मंडळींनो, तुमच्याकडे हा तारा कसा बांधतात, त्याला काय म्हणतात, जरूर सांगा.