नागोरचा मिनार आणि कायद्याची रेषा



धर्म आणि राज्य यांची पूर्ण फारकत म्हणजे धर्मनिरपेक्षता, आणि तिचा मुस्लिमबहुल नमुना तुर्कस्तान, हे मागील अंकातील पत्राचे विधान टिकत नाही. तुर्कस्तानने १९२६ मध्ये स्विस धर्तीचा नागरी कायदा आणला, १९२८ मध्ये राज्यधर्माचे कलम घटनेतून वगळले. पण १९२४ मध्ये स्थापन झालेले ‘दियानेत’ हे सरकारी खाते आजही इमाम नेमते आणि त्यांना पगार देते. ही फारकत नव्हे, ताबा आहे.

आमच्या तंजावूरचा अनुभव निराळा. येथील मराठा राजे प्रतापसिंह भोसले (कारकीर्द १७३९–१७६३) यांनी नागोरला सूफी संत शाहुल हमीद यांच्या दर्ग्याचा सर्वांत उंच, सुमारे १३१ फुटी मिनार बांधून दिला. अर्थात ती राजाची मर्जी होती, प्रजेचा हक्क नव्हे. गौरवगाथा लिहिणारे हा फरक सोयीने विसरतात. १८५५ मध्ये तंजावूरचे राज्य खालसा झाले. १८६३ च्या कायद्याने इंग्रज सरकारने देवळे-मशिदींच्या कारभारातून अंग काढून घेतले. आज तमिळनाडूत देवळांवर धर्मादाय खात्याची, वक्फ मिळकतींवर वक्फ मंडळाची देखरेख आहे. राज्यघटनेच्या कलम २६ नुसार धर्मकार्यात संप्रदाय स्वतंत्र. मिळकतीचा कारभार मात्र कायद्याप्रमाणे. मद्रासच्या १९५१ च्या धर्मादाय कायद्यावरील शिरूर मठ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये हीच रेषा आखली.

— एक वाचक, तंजावूर