‘पार्ट गेलाय’ ऐकलं की लगेच ‘टाका नवा’ म्हणू नका

गेल्या महिन्यात भर ऑफिसच्या वेळेत आईचा फोन आला. ती अशा वेळी कधी फोन करत नाही, म्हणून मी मीटिंगमधून उठून बाहेर गेले. “गाडी चौकात बंद पडलीय आणि मागचे सगळे हॉर्न वाजवतायत,” ती म्हणाली. आवाज रडवेला झाला होता. आठच दिवसांपूर्वी त्याच गाडीत ५,२०० रुपयांची नवी बॅटरी टाकली होती.

माझे आई-बाबा वडोदऱ्यात राहतात. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून गाडी आईच चालवते. पन्नाशीत शिकली. बाबांची फिजिओथेरपी, बँक, भाजी, सगळं तिच्या भरवशावर. डॅशबोर्डवर बॅटरीचं लाल चिन्ह दिसायला लागलं, तेव्हा ती नेहमीच्या गॅरेजमध्ये गेली. तिथे मिनिटभर बॉनेटमध्ये डोकावून “बॅटरी गेली” म्हणाले आणि नवी टाकली. आता चौकातून गाडी ओढून नेल्यावर म्हणाले, “बेन, अल्टरनेटर गेलाय. नवा टाकावा लागेल, साडेतेरा हजार. तुम्हाला नाही कळायचं, साहेबांना फोन द्या.”

साहेबांनी, म्हणजे आमच्या बाबांनी, आयुष्यभर गाडी चालवली, पण बॉनेट एकदाही उघडलं नाही! तरी फोन त्यांनाच हवा होता. आई मला म्हणाली, “जाऊ दे, विकून टाकू गाडी. रिक्षाने जात जाईन.” मला पैशांपेक्षा या वाक्याचं जास्त वाईट वाटलं. मी म्हटलं, “आई, हो म्हणू नकोस आणि भांडूही नकोस. फक्त विचार, कशावरून?”

लाल चिन्ह म्हणजे फक्त बॅटरी नाही

तुमच्या गाडीतही हे चिन्ह आहे, म्हणून थोडं समजून घ्या. इंजिन चालू असताना अल्टरनेटर वीज तयार करतो आणि त्यावर बॅटरी चार्ज होते. गाडी चालू असताना हे चिन्ह पेटलं, तर बहुतेक वेळा चार्जिंग नीट होत नसतं. दोष बॅटरीत असेल, बेल्ट सैल किंवा तुटलेला असेल, एखादी वायर सुटली असेल किंवा अल्टरनेटर बिघडला असेल. नेमकं काय, हे मल्टीमीटर लावून दोन मिनिटांत तपासता येतं. इंजिन बंद असताना चांगल्या, पूर्ण चार्ज झालेल्या बॅटरीवर साधारण १२.६ व्होल्ट दिसतात. इंजिन चालू केलं की बहुतेक गाड्यांत हा आकडा १३.५ ते १४.५ च्या आसपास जातो. तो वाढलाच नाही, तर नवी बॅटरी टाकूनही ती काही दिवसांत उतरणार.

आईने विचारलं, “मीटर लावला होता का?” उत्तर आलं, “बेन, वीस वर्षांचा अनुभव आहे.”

मग शेजारच्या काकांनी त्यांच्या ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने मीटर लावला. इंजिन चालू, आकडा १२.१. म्हणजे अल्टरनेटर चार्जिंग करत नव्हता, गॅरेजवाले खोटं बोलत नव्हते. पण त्याने अल्टरनेटर उघडला तेव्हा आतले कार्बन ब्रश झिजलेले आणि रेग्युलेटर खराब निघाला. दोन्ही बदलून खर्च आला १,९०० रुपये. साडेतेरा हजारांचा नवा अल्टरनेटर लागलाच नाही.

आणि ती पहिली बॅटरी? ती खरंच खराब होती का, हे आता कधीच कळणार नाही. कारण जुनी बॅटरी गॅरेजमध्येच राहिली आणि आईच्या हातात होती फक्त आकडा लिहिलेली कच्ची पावती.

दुसऱ्या दिवशी आई एकटी गॅरेजमध्ये गेली. जुनी बॅटरी मागितली. “भंगारात गेली,” म्हणाले. “मग तिचे पैसे द्या आणि बॅटरीचं पक्कं बिल द्या,” असं म्हणून ती तिथल्या खुर्चीवर बसून राहिली. पाऊण तासाने ९०० रुपये, बॅटरीच्या नंबरासह बिल आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड मिळालं. ५,२०० काही परत आले नाहीत.

पुढच्या वेळी एवढं नक्की करा

काम सुरू होण्याआधी अंदाजे खर्च लिहून घ्या, व्हॉट्सॲपवर घेतला तरी चालेल. सोबत लिहा, ‘यापेक्षा जास्त काम निघालं तर आधी फोन करा.’

‘गेलाय’ म्हटलं की ‘कसं तपासलंत, मला दाखवा’ म्हणा. ‘दुरुस्त होतो की बदलावाच लागेल’ हेही विचारा. मात्र ब्रेक आणि स्टिअरिंगच्या बाबतीत पैसे वाचवायला जाऊ नका.

काढलेला पार्ट मागा, आणि तो काम सुरू होण्याआधीच मागून ठेवा. बॅटरी एक्स्चेंजमध्ये देणार असाल तर तिची किंमत बिलात वजा झालेली दिसली पाहिजे.

बिलात पार्टचं नाव, नंबर, किंमत आणि मजुरी वेगवेगळी लिहून घ्या. पार्ट कंपनीचा आहे की बाहेरचा, तेही लिहायला सांगा. बिल नसेल तर वॉरंटी मागायला आणि तक्रार करायला फार कठीण जातं.

वाद झालाच तर?

केलेल्या कामाचे पैसे मिळेपर्यंत गाडी ठेवून घेण्याचा हक्क कायद्याने दुरुस्ती करणाऱ्याला आहे. म्हणून किल्ली हिसकावण्यात अर्थ नाही. पैसे शक्यतो ऑनलाइन द्या आणि ‘ही रक्कम मान्य नाही, गाडी हवी म्हणून भरत आहे’ असा मेसेज लगेच पाठवा. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या नंबरवर तक्रार नोंदवा. तिथे नाही सुटलं तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते, मुदत २ वर्षांची असते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही.

सगळेच मेकॅनिक फसवतात असं मी मुळीच म्हणत नाही. बऱ्याचदा घाई असते, तपासण्यापेक्षा बदलणं सोपं वाटतं. पण त्या घाईचे पैसे आपण भरतो.

आईने आता गाडीच्या कप्प्यात एक छोटी वही ठेवली आहे. तारीख, किलोमीटर, काय बदललं, किती लागले. परवा टायरमध्ये हवा भरायला गेली, तर तिथल्या मुलाने विचारलं, “साहेब नाही आले?” आई म्हणाली, “साहेबांना यातलं काही कळत नाही. मला सांग.”