वहीतली फातिमा शेख आणि मशीनचा हवाला

जानेवारीत आठवीच्या मुलांना फातिमा शेख यांच्यावर दहा ओळी लिहून आणायला सांगितल्या होत्या. वह्या तपासायला बसलो तर पहिल्या सात वह्यांची सुरुवात सारखीच. मराठी इतकं शुद्ध की माझ्या वर्गातलं वाटेचना. आमची मुलं घरी दखनी उर्दू बोलतात, 'पुस्तक'ला सर्रास 'किताब' लिहितात. एका वहीत फातिमाबींच्या मृत्यूची तारीख होती, शेजारच्या वहीत दुसरीच तारीख. दोघांनाही विचारलं, कुठून आणलं? उत्तर एकच: "सर, चॅटजीपीटीने दिया."

रागावलो नाही, कारण घरी मीही तेच वापरतो. पण मग वर्गात तोच तास त्यावर घेतला.

फातिमा शेख यांच्याबद्दल आपल्याकडे कागदावर नक्की काय आहे? सावित्रीबाईंनी 10 ऑक्टोबर 1856 ला जोतीरावांना लिहिलेलं पत्र आहे. त्या आजारपणामुळे माहेरी नायगावला होत्या. आपल्या मागे फातिमाला त्रास पडत असेल पण ती कुरकुर करणार नाही, अशा अर्थाचं त्यात येतं. हे पत्र डॉ. मा. गो. माळी यांनी संपादित केलेल्या 'सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय' या ग्रंथात आहे, जो राज्य साहित्य आणि संस्कृति मंडळाने 1988 मध्ये काढला. पुण्यातल्या गंजपेठेत उस्मान शेख यांनी फुले दांपत्याला आसरा दिला, हेही सांगितलं जातं. 9 जानेवारी 1831 ही जन्मतारीख मात्र सगळीकडे फिरते, 2022 ला गूगलने त्या दिवशी डूडलही ठेवलं, पण तिच्यामागे त्या काळातला कागद कोणी दाखवत नाही.

आता जानेवारी 2025 आठवा. दिलीप मंडल यांनी समाजमाध्यमावर लिहिलं की फातिमा शेख हे पात्र मीच रचलं. केवढा गदारोळ झाला! आपल्या लोकांनी रागाने दहा-दहा 'पुरावे' फॉरवर्ड केले, त्यातले बरेचसे एकमेकांचीच नक्कल. खरं उत्तर दोन मिनिटांचं होतं: 1988 चं छापील पुस्तक उघडा, पत्र वाचा. पण पत्र वाचलेली माणसं कमी आणि मजकूर तयार करून देणारी मशीन हाताशी. बाई होऊन गेल्या ही गोष्ट खरी, पण तिला चिकटवलेल्या खोट्या तारखा उद्या कोणी उघड्या पाडल्या की खऱ्या गोष्टीवरचाही विश्वास उडतो. माझ्या मते आपलं जास्त नुकसान इथे आहे.

मशीन खोटं बोलते असं म्हणणं बरोबर नाही. तिला खरं-खोटं ठाऊकच नसतं. कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द शोभेल हे ती कोट्यवधी पानांवरून शिकलेली असते. ज्या विषयावर भरपूर लिहिलं गेलंय तिथे ती बहुतेक वेळा बरोबर येते. जिथे कागदच कमी, म्हणजे नेमकं आपला इतिहास, आपली दखनी, आपल्या मोहल्ल्याच्या गोष्टी, तिथे रिकामी जागा ती ऐटीत भरून टाकते. उर्दूत आपण संदर्भाला 'हवाला' म्हणतो. (मराठीत हवाला म्हटलं की पैशांची भानगड डोळ्यासमोर येते, मुलं हसली.) मशीनला हवाला मागितला तर ती तोही कधी कधी बनवून देते.

मग वापरूच नये का? तुर्कस्तानातल्या एका हायस्कूलमध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी जवळपास हजार मुलांवर प्रयोग केला. गणिताच्या सरावाला काहींना साधी जीपीटी दिली. सरावात ती मुलं 48 टक्के पुढे गेली. नंतर मशीन काढून घेऊन परीक्षा घेतली, तर ज्यांना ती मिळालीच नव्हती त्यांच्यापेक्षा 17 टक्के मागे पडली. तिसऱ्या गटाला जी मशीन दिली ती उत्तर न देता फक्त इशारा द्यायची. त्या मुलांचं असं नुकसान झालं नाही. मला सगळ्यात जास्त खटकलं ते वेगळंच: मागे पडलेल्या मुलांना आपण मागे पडलोय हे कळलंच नव्हतं.

आणि हा प्रश्न परीक्षेपुरता नाही. सकाळी डांगे चौकात कंपनीच्या बसची वाट बघणाऱ्यांत माझ्या वर्गातल्या मुलांचे अब्बा असतात. कोणी चाकणला लाइनवर, कोणी भोसरीच्या छोट्या शॉपमध्ये. पार्ट डोळ्याने बघून रिजेक्ट करण्याचं काम कॅमेरा करू लागला आहे. एका पालकाने सांगितलं, आता त्याला कॅमेऱ्याने बाजूला काढलेले पार्टच बघायचे असतात. कॅमेरा कुठे चुकतो हे त्याला कळतं, कारण पंधरा वर्षं त्याने स्वतः पार्ट हाताळलेत. कालच भरती झालेल्या कंत्राटी पोराला ते कसं कळणार? शेजारच्या हिंजवडीची हवाही फार वेगळी नाही. 2025 च्या जुलैत टीसीएसने बारा हजारांवर माणसं कमी करायचं जाहीर केलं. कारण एआय नाही, कौशल्यांचा मेळ नाही, असं कंपनी म्हणाली. कारण काहीही असो, घरी बसणाऱ्याला फरक पडत नाही.

उर्दूवाल्यांनी हे एकदा पाहिलंय. 1981 मध्ये नूरी नस्तालीक आलं, मग नव्वदच्या दशकात इनपेज. वर्तमानपत्रांचे कातिब हळूहळू घरी गेले. टिकले ते, ज्यांनी कॉम्प्युटर शिकला आणि लिहिण्याची नजरही सोडली नाही. स्क्रीनवरचा नुक्ता चुकीच्या जागी पडलाय हे त्यांना लगेच दिसायचं.

केंद्राने 2026-27 पासून तिसरीपासूनच एआय शिकवायचं ठरवलंय. ठीक आहे. पण आमच्याकडे बऱ्याच घरांत एकच मोबाइल, तोही अब्बा रात्री परत आले की हाती येतो. धोरणात हे कुठे धरलंय, बघावं लागेल.

वर्गात आम्ही सध्या एवढंच करतो. आधी स्वतःच्या मोडक्यातोडक्या मराठीत पाच ओळी. मग मशीनला विचारायचं, माझं कुठे चुकलं, का चुकलं. ती 'किताब'चं 'पुस्तक' करते तेव्हा मुलं ते वहीत उतरवतात, आणि हा फायदा मी पंचवीस वह्या तपासून रोज देऊ शकत नाही, हे कबूल करतो. तारीख किंवा नाव आलं की समोर लाल पेनने 'हवाला?' लिहायचं.

फातिमाबींवरचा धडा पुन्हा लिहून घेतला. या वेळी सात वह्यांची सुरुवात सात तऱ्हेची होती. एका मुलीने जन्मतारखेच्या जागी रेघ मारून लिहिलं होतं, "मालूम नहीं सर, खत में नहीं है." तिला दहापैकी नऊ दिले. एक मार्क मराठीत न लिहिल्याचा कापला.