अकरा दिवसांची चोरी

'लॅब्रा पपी, ४५ दिवस, पंच फेस, हेवी बोन, डिलिव्हरी मिळेल.'

ही ओळ तुमच्याही फोनवर कधी ना कधी येऊन गेली असेल. खाली फोटो असतो, प्लास्टिकच्या टोपलीत बसवलेल्या पिल्लाचा. आपण बदाम टाकतो, किंमत विचारतो, मित्राला फॉरवर्ड करतो. '४५ दिवस' या शब्दांपाशी कुणी थांबत नाही. मीही थांबलो नव्हतो.

थांबायला हवं होतं. २०१७ साली केंद्र सरकारने कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांसाठी नियम केले. पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची आणि आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकायचं नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. आठ आठवडे म्हणजे ५६ दिवस. म्हणजे ही जाहिरात नसून लेखी कबुलीजबाब आहे. अकरा दिवस चोरल्याचा. आणि चोरीचा माल घेणारे आपण आहोत.

माझी गोष्ट सांगतो. २०२१ साली वर्क फ्रॉम होम चालू होतं. काल्हेरच्या फ्लॅटमध्ये आई, बाबा आणि दिवसभर लॅपटॉपला चिकटलेला मी. पगार बरा होता, वेळही आहे असं वाटत होतं. पंधरा हजार रोख मोजून ब्रुनोला आणलं. त्याची आई बघू द्या म्हटलं तर विक्रेता म्हणाला, "इन्फेक्शन होतं साहेब, आत कुणाला सोडत नाही." हायवेच्या कडेला त्याने खोक्यातून पिल्लू काढलं आणि पार्सल द्यावं तसं माझ्या हातात दिलं. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी दात बघितले आणि म्हणाले, "हे कसलं पंचेचाळीस दिवसांचं? जेमतेम महिन्याचं असेल." मला चक्क आनंद झाला. म्हटलं, जितकं लहान तितका लळा जास्त.

ब्रुनो कुकरच्या शिट्टीला पलंगाखाली जायचा. लिफ्टचं दार, छत्री, झाडू, हेल्मेट घातलेला डिलिव्हरीवाला, सगळ्याची भीती. गणपतीत ढोल वाजला की जागच्या जागी मुतायचा. खेळताना चावायचा तर दात रुतेपर्यंत. मोठा झाला की सुधारेल, असं आम्ही एकमेकांना सांगत राहिलो. चौदा महिन्यांचा असताना ताईचा चार वर्षांचा मुलगा त्याच्या ताटलीजवळून पळत गेला. गालाला सहा टाके पडले, शिवाय रेबीजची इंजेक्शनं. त्यानंतर घरात चर्चा झाली नाही, कारण चर्चेसारखं काही उरलंच नव्हतं. बाबांच्या ओळखीतल्या एका गोदामावर ब्रुनोला 'राखणीला' दिलं.

भिवंडीत ही सोय असते. इथे गोदामांना तोटा नाही आणि प्रत्येक गेटला एक साखळी आहेच. मानकोलीकडून जाताना गेटवर बांधलेले लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड दिसले की मी आता वॉचमनला विचारतो, कुठून आणला? "कोणी तरी फ्लॅटवाल्याने दिला," हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की पुढचा प्रश्न विचारत नाही.

ब्रुनो बिघडला तो आमच्या घरात, असं मी बरेच महिने मानत होतो. मग वाचायला लागलो. पिल्लू जन्मतं तेव्हा आंधळं आणि बहिरं असतं. साधारण दुसऱ्या आठवड्यात डोळे उघडतात, त्यानंतर कान. तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत ते जग काय असतं हे ठरवत असतं. या मुदतीत जे भेटलं ते आपलं, जे भेटलं नाही ते परकं. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेतल्या जॅक्सन प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं पिल्लं वाढवून हे अभ्यासलं. त्यांचं पुस्तक १९६५ सालचं आहे. त्याआधी १९६१ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध झाला होता. उंच कुंपणाच्या आवारात पिल्लं वाढवली आणि वेगवेगळ्या वयात त्यांना माणसाच्या सहवासात आणलं. चौदा आठवडे माणसाचा सहवास न मिळालेली पिल्लं नंतर रानातल्या जनावरासारखी वागली. म्हणजे साठ वर्षांपूर्वी कळलेली गोष्ट आहे ही.

पण या मुदतीचे पहिले आठवडे माणसाने एकट्याने शिकवायचे नसतात. ते आईचे आणि भावंडांचे असतात. पिल्लू भावाला जोरात चावलं की भाऊ केकाटतो आणि खेळ संपतो. आईला चावलं तर ती गुरकावते किंवा सरळ उठून जाते. दिवसातून पन्नास वेळा हे घडतं, आणि जबडा किती आवळायचा ते कळत जातं. ब्रुनोला हा हिशोब शिकवायला कुणी नव्हतंच. आम्ही त्याला 'सिट' शिकवत बसलो होतो. २०११ साली इटलीतल्या संशोधकांनी १४० कुत्र्यांची तुलना केली. निम्मी ३० ते ४० दिवसांची असताना आईपासून तोडलेली, निम्मी दोन महिन्यांनी. लवकर तोडलेल्यांमध्ये फिरताना घाबरणं, आवाजाला बिचकणं, अति भुंकणं हे सगळं जास्त आढळलं. ती यादी वाचताना मला ब्रुनोचं प्रगतिपुस्तक वाचतोय असं वाटलं.

याच्या उलट काय असतं ते नारपोलीत बघितलं. मित्राच्या वडिलांच्या यंत्रमाग कारखान्यात एक गावठी कुत्री व्याली, कोपऱ्यात, रिकाम्या गोण्यांवर. पाच पिल्लं. बाजूला मागांची खडखड इतकी की माणसाला कानात ओरडावं लागतं. दिवसपाळीचे वेगळे कामगार, रातपाळीचे वेगळे. कांड्या भरणाऱ्या बाया, त्यांची पोरं, चहावाला, ताग्यांचे गठ्ठे उचलणारे हमाल, मागे मागे येणारा टेम्पो. कुणी उचलून घेई, कुणी हुसकावी, कुणी पाव बुडवून देई. संध्याकाळी सगळी परत आईच्या पोटाशी. मी विचारलं, ही आवाजाला घाबरत कशी नाहीत? एक म्हातारे कामगार हसले. "कान बंद लेके पैदा होते हैं. खुलते हैं तो पहले मशीनही सुनते हैं." जॅक्सन प्रयोगशाळेचं सार त्यांनी दोन वाक्यांत सांगितलं होतं.

यात गोडवा शोधू नका. पाचांतलं एक टेम्पोखाली गेलं, एक रक्ताच्या जुलाबाने. मागांचा आवाज माणसाच्या कानांनाही चांगला नाही, पिल्लांच्या कुठून असणार. उरलेल्या तिघांना जंताचं औषध आणि पहिली लस दिली, आणि नऊ आठवड्यांची झाल्यावर एक मी घरी आणली. नाव चिंधी. ती कुकर शिट्ट्या मारत असताना ओट्याखाली झोपते. भाच्याचा हात तोंडात धरते आणि सोडून देते, वळही उठत नाही. दोन कुत्र्यांवरून सिद्धांत मांडता येत नाही, एवढं मला इंजिनिअरिंगने शिकवलंय. सिद्धांत आधीच मांडून झालाय. चिंधीमुळे मला तो घरात चालता-फिरता दिसला, इतकंच.

आता नेहमीचे आक्षेप. 'लस पूर्ण होईपर्यंत पिल्लू बाहेर काढू नका.' पार्व्हो खरा आहे, रस्त्यावर सोडू नकाच. पण कडेवर घेऊन अंजूरफाट्याचा सिग्नल दाखवायला काय हरकत आहे? लसी पूर्ण होईपर्यंत घरात कोंडलं तर ती मुदतच निघून जाते. 'ट्रेनर लावू.' लावा. प्रॉडक्शनला गेलेला बग शोधायला किती खर्च येतो ते माझ्या कंपनीला विचारा. इथे तर जुनी आवृत्ती परत आणायची सोयही नाही.

विक्रेत्याचा आक्षेप मात्र प्रामाणिक आहे. पंचेचाळीस दिवसांनंतर पिल्लू जास्त खातं, लसीचा खर्च येतो आणि ते खेळण्यासारखं दिसेनासं होतं. बरोबर. म्हणजे त्या अकरा दिवसांत त्याची बचत होते आणि बिल आपल्याकडे येतं. माझ्या घरी ते भाच्याच्या गालावर आलं.

आणि 'भिवंडीत माणसांचे हाल कुत्रं खात नाही, तुम्हाला कुत्र्यांचं पडलंय!' हा सगळ्यांचा आवडता. अहो, चावा माणसालाच बसतो. २०२५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर देशभर भटक्या कुत्र्यांवर भांडणं झाली, दोन्ही बाजूंनी घसे बसले. आपण विकत आणून, बिघडवून, सोडून दिलेल्या कुत्र्यांबद्दल किती जण बोलले? १९६० च्या कायद्यात जनावराला उपासमारीच्या तोंडी टाकून देणं हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड जास्तीत जास्त पन्नास रुपये. कल्याण नाक्यावर तेवढ्यात दोन वडापाव आणि चहा येतो.

कायदा सुधारेल तेव्हा सुधारेल. जाहिराती राजरोस फिरतायत, नंबरासकट, पुरावा वेगळा शोधायची गरज नाही, तरी ज्यांनी बघायचं ते बघत नाहीत. तोवर आपल्या हातात पाकीट आहे. ५६ दिवसांच्या आत पिल्लू घेऊ नका. आई दाखवत नसेल तर परत फिरा. नोंदणी क्रमांक मागा. पंच फेस विचारण्याऐवजी विचारा, याने आजवर काय ऐकलंय, कशाकशावर चाललंय, किती वेगवेगळ्या हातांनी याला उचललंय? ज्याच्याकडे उत्तर असेल त्याने ते आठवडे खरोखर राबून काढलेत. त्याला जास्त पैसे द्या, घासाघीस न करता. ते जमत नसेल तर गल्लीतल्या गावठी कुत्रीच्या पिल्लांना आजपासून हात लावा, त्यांच्या आईला खाऊ घाला, नववा आठवडा येऊ द्या आणि मग एक घरी न्या.

गेल्या महिन्यात त्या गोदामावर गेलो होतो. ब्रुनो साखळी ताणून माझ्यावर भुंकत राहिला. मग आवाज ओळखला असावा, शेपूट हलली, पण जवळ आला नाही. वॉचमन कौतुकाने म्हणाला, "एक नंबर कुत्रा आहे साहेब, कुणालाच जवळ येऊ देत नाही."

मी त्याला सांगितलं नाही की असं कुत्रं बनवायला फक्त पंधरा हजार लागतात, आणि ते मीच मोजले होते.