वाद्याचा प्रवास आणि विम्याचा कागद

मिरजेत घडलेला तंबोरा आज देशभर आणि परदेशातही जातो. शस्त्रे घडविणाऱ्या शिकलगार घराण्यातील कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात तेथे ही कला रुजविली आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन लाभले. परंतु वाळलेला भोपळा जितका सुरेल, तितकाच नाजूक. गाडीतील एका आदळण्याने त्याला तडा जातो, आणि मग भरपाई कोणी द्यावयाची हा प्रश्न उभा राहतो.

कुरियरचे पैसे भरले की जबाबदारी त्याची झाली, अशी सर्वसाधारण समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. रस्त्याने होणाऱ्या मालवाहतुकीसाठी २००७ सालचा स्वतंत्र कायदा आहे व घरपोच सेवा देणारे कुरियरही त्यात येतात. मात्र पाठविणाऱ्याने जादा दर भरून अधिक जोखीम वाहतूकदारावर सोपविली नसेल, तर भरपाईची मर्यादा साधारणतः भाड्याच्या दहापट, तीही पावतीवर नोंदविलेल्या किमतीच्या आतच. समजा, भाडे ९०० रुपये व तंबोरा ४० हजारांचा. तर हाती येणारी रक्कम ९ हजारांपलीकडे जात नाही. पावतीवर थोडे पैसे वाचविण्यासाठी किंमत ५ हजार लिहिली असेल, तर तेवढ्यावरच समाधान मानावे लागते. आपल्याच हाताने लिहिलेला आकडा नंतर नाकारणार कसा? पावतीमागील बारीक अक्षरांचेही तसेच. सही करून स्वीकारलेली भरपाईची मर्यादा ग्राहकावर बंधनकारक ठरते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली एका कुरियर प्रकरणात दिला आहे.

विमानाने पाठविलेल्या मालाची भरपाई मूल्य आधी जाहीर केले नसेल तर वजनावर मोजली जाते. पोकळ, हलक्या तंबोऱ्याच्या दृष्टीने याहून गैरसोयीचे माप शोधूनही सापडणार नाही.

म्हणून वाहतुकीचा विमा वेगळा घ्यावा. येथेही स्वस्त पॉलिसी पाहून भुलू नये. मर्यादित संरक्षणाच्या पॉलिसीत आग, वाहन उलटणे, टक्कर अशी मोजकीच कारणे असतात. गोदामात खोके हातातून निसटून पडले तर ती उपयोगी पडेलच असे नाही. वाद्यासाठी सर्व जोखमींची पॉलिसीच योग्य. पण ‘सर्व’ या शब्दालाही अपवाद आहेत : अपुरे पॅकिंग, वस्तूचा अंगभूत दोष आणि विलंब. कोरड्या हवेने लाकूड आपोआप उकलले, तर विमा कंपनी अंगभूत दोषाकडे बोट दाखवील.

यातील पॅकिंगचा भाग पाठविणाऱ्याच्या हाती आहे आणि दावे बहुधा येथेच अडतात. तारा सैल कराव्यात, घोडी काढून वेगळी गुंडाळावी, दांडीला खालून आधार द्यावा, भोपळ्याभोवती चारही बाजूंनी मऊ भरण असावे व हे सारे लाकडी पेटीत घट्ट बसावे. नुसत्या कापडी पिशवीवर पुठ्ठा बांधणे म्हणजे विमा कंपनीला नकाराचे कारण आयते देणे होय. पेटी बंद करण्यापूर्वी प्रत्येक टप्प्याची छायाचित्रे घ्यावीत.

आजोबांचा तंबोरा असेल, तर बिल कोठून आणावयाचे? अशा वेळी जाणत्या कारागिराकडून लेखी मूल्यांकन घ्यावे आणि ते विमा कंपनीने पाठवणीपूर्वीच मान्य केले आहे याची खात्री करावी. वर्षानुवर्षे मुरलेल्या जवारीचे मोल मात्र कोणत्याही पॉलिसीत बसत नाही. असे वाद्य शक्यतो घरच्या माणसाने सोबत घेऊन जावे, हे बरे.

घेणाऱ्याचेही एक काम आहे. पेटी पोहोचविणाऱ्यासमोरच उघडावी; तडा दिसल्यास सही करण्यापूर्वी पावतीवर तसा शेरा लिहावा आणि विमा कंपनीला त्याच दिवशी कळवावे. तिचा पाहणी अधिकारी येईपर्यंत खोके, भरण, काहीही टाकू नये. वाहतूकदारालाही लेखी नोटीस द्यावी लागते. तिची मुदत १८० दिवसांची असते आणि ती माल मिळाल्यापासून नव्हे, तर बुकिंगच्या दिवसापासून मोजली जाते.